सीपीयूवरचा स्टिकर खरवडण्यापूर्वी



जुना संगणक घरी आला की पहिले काम साफसफाईचे. ओल्या फडक्याने डबा पुसला जातो आणि मग घरातले एखादे पोर नखाने त्यावरचे स्टिकर उकरायला बसते. जुन्या कचेरीचा क्रमांक, प्रोसेसरचे चौकोनी चिन्ह, दुरुस्तीवाल्याचा फोन नंबर, सारे निघते. त्यातच एक आडवा कागदी स्टिकर असतो. त्यावर बारीक अक्षरात विंडोजचे नाव आणि पाच-पाच अक्षरांचे पाच गट छापलेले असतात. तोही जातो. आमचे आजचे लिहिणे त्या एका स्टिकरबद्दल आहे.

एवढ्याशा कागदावर काय लिहायचे, असे काहींना वाटेल. पण आम्ही कारकून माणसे. कागद केवढा आहे यावरून आम्ही त्याची किंमत ठरवीत नाही. रेशनकार्डाची एक पुरवणी हरवली तर काय होते, हे आपल्या आयाबहिणींना कुणी सांगायला नको.

हा विषय आताच घेण्याचे कारण आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज टेनची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. पुढची विंडोज इलेव्हन बऱ्याच जुन्या यंत्रांना चालेल असे कंपनी मानीत नाही. त्यामुळे कचेऱ्या आणि कंपन्या चांगले चालणारे संगणक काढून टाकू लागल्या. ते मुंबईत लॅमिंग्टन रोडला, इतर शहरांत जुन्या मालाच्या दुकानांत आणि तिथून आपल्या घरांत येतात. पोरांचा एमएस-सीआयटीचा सराव, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज, कुणाचे बँकेचे काम, सगळे त्याच यंत्रावर चालते. तेव्हा ते यंत्र कागदोपत्री कुणाचे आणि त्यातली प्रणाली खरी की चोरीची, हे पाहायला नको काय?

संगणकाच्या उभ्या डब्याला आपण सगळे सीपीयू म्हणतो. (जाणकार म्हणतील, सीपीयू म्हणजे आतली चिप. असो, आम्हीही डब्यालाच म्हणणार.) विंडोज एक्सपीपासून विंडोज सेव्हनपर्यंत, म्हणजे साधारण २००१ ते २०१२ या काळात, तयार संगणकाबरोबर विंडोज विकत मिळाले की हा स्टिकर सीपीयूच्या अंगावर लावून येत असे. लॅपटॉपला तो पोटाखाली किंवा बॅटरीच्या खाचेत असतो. त्याला म्हणतात सर्टिफिकेट ऑफ ऑथेंटिसिटी, म्हणजे अस्सलपणाचा दाखला. त्यावरची पंचवीस अक्षरे म्हणजे प्रॉडक्ट की, प्रणालीची किल्ली. कागदात चकाकणारा धागा विणलेला असतो. नकली स्टिकरवर तो नुसता छापलेला किंवा वरून चिकटवलेला दिसतो.

आता या किल्लीची एक गंमत सांगतो, कारण तिच्यातूनच पुढची लबाडी निघाली. मोठ्या कंपन्या कारखान्यात हजारो संगणक भरताना प्रत्येकाच्या स्टिकरवरची किल्ली टाकीत बसत नसत. त्यांची एक सामाईक किल्ली असे आणि तीच सगळ्या यंत्रांत जाई. स्टिकरवरची किल्ली प्रणाली नव्याने टाकावी लागली तर वापरायची, म्हणून राखीव. बहुतेक संगणकांचे आयुष्य ती न वापरताच संपले. लबाड माणसाने हे बरोबर हेरले. कचेरीतल्या किंवा दुकानातल्या उघड्या सीपीयूवरून किल्ली उतरवून घ्यायची आणि दुसऱ्याच यंत्रात घालायची. मूळ मालकाला पत्ताही नाही. एक्सपीच्या काळात हे इतके बोकाळले की मायक्रोसॉफ्टने २००५ च्या फेब्रुवारीअखेर मोठ्या कंपन्यांच्या स्टिकरवरील किल्ल्या इंटरनेटवरून चालू करणे बंद केले. फोन करून विचारपूस झाल्यावरच त्या चालू होत. म्हणजे चोरी करणारा निराळा आणि फोनवर ताटकळणारा मात्र पैसे मोजून घेतलेला गरीब ग्राहक.

म्हणून जुना संगणक विकताना मोबाईलवर फोटो टाकता, तेव्हा त्या स्टिकरवर बोट ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर "हे काय आहे कुणी सांगेल का" असे विचारीत किल्लीचा फोटो फिरवू नका. एटीएमचा आकडा जसा भिंतीवर लिहीत नाही, तसेच हे.

आमच्या भागातल्या एका भगिनीची २०२४ सालातली हकीकत सांगतो. त्या धुणीभांडी करतात, मुलगी कॉमर्सला आहे. बचत गटातून उचल घेऊन त्यांनी एका दुकानातून जुना सीपीयू घेतला. सहा महिन्यांनी पडद्याच्या कोपऱ्यात विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करा अशी पाटी येऊ लागली. मायलेकी दुकानात गेल्या.

"दादा, हे काय यायला लागलं?"

"काही नाही ताई, लायसन संपलं. दोन हजार भरा, परत करून देतो."

"अहो, घेताना ओरिजिनल म्हणाला होतात. ह्याच्यावर स्टिकर होता."

"तो जुना कचरा होता, पॉलिश करताना काढला. नवा दिसतोय की नाही बघा."

ब्लेडने खरवडलेल्या त्या जागी स्टिकरचा अर्धा तुकडा राहिला होता. किल्ली गेली होती, पण वरची ओळ शाबूत होती. तीत विंडोज सेव्हन प्रो असे आणि संगणक कंपनीचे नाव होते. त्या अर्ध्या ओळीनेच काम केले. २९ जुलै २०१५ पासून वर्षभर मायक्रोसॉफ्टने सेव्हनवाल्यांना विंडोज टेन फुकट दिले होते. ज्या यंत्रांनी ते घेतले त्यांची नोंद कंपनीकडे मदरबोर्डच्या ओळखीवरून राहते. तिला डिजिटल परवाना म्हणतात. होमचा टेन होम होतो आणि प्रोचा टेन प्रो. दुकानदाराने मात्र त्या यंत्रात बड्या कंपन्यांना देतात ती एंटरप्राइझ आवृत्ती चोरवाटेने घातली होती. त्या मुलीच्या वर्गातल्या एका जाणत्या पोराने ती काढून टेन प्रो टाकली, इंटरनेट जोडले आणि अ‍ॅक्टिव्हेशन आपोआप झाले. दोन हजार वाचले. दुकानदार जे पुन्हा विकू पाहत होता, ते त्या यंत्राच्या हक्काचे आधीपासूनच होते! स्टिकरची ती वरची ओळही खरवडली असती, तर कोणती आवृत्ती टाकायची हे त्या पोराला अंदाजानेच ठरवावे लागले असते.

ही युक्ती आज प्रत्येक जुन्या यंत्राला लागू पडेल असे समजू नये. सेव्हनच्या किल्लीवर नव्याने टेन किंवा इलेव्हन चालू करण्याची वाट मायक्रोसॉफ्टने २०२३ च्या सप्टेंबरात बंद केली. ज्या यंत्राची नोंद त्याआधी झालेली आहे, त्याचा परवाना राहतो. ज्याची झाली नाही, त्याच्या स्टिकरवर फक्त सेव्हन चालते, आणि सेव्हनची सुरक्षा-दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजीच थांबली. अशा यंत्रावर बँकेचे काम करू नये.

विंडोज एटपासून, म्हणजे २०१२ नंतर, मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांत किल्ली कागदावर छापणेच थांबले. ती मदरबोर्डवरच्या चिपमध्ये साठवलेली असते. बाहेर लहानसे चिन्ह लावतात, पण त्यावर अक्षरे नसतात. तेव्हा किल्ली दिसत नाही म्हणून घाबरू नये. छोट्या दुकानदाराने जुळवून दिलेल्या संगणकाबरोबर मात्र पुढेही किल्लीचा स्टिकर येत राहिला. त्यातली काही अक्षरे राखाडी थराखाली झाकलेली असतात, मोबाईलच्या रिचार्ज कार्डासारखी. नवा म्हणून घेतलेल्या मालावर तो थर आधीच खरवडलेला असेल, तर माल परत करा. स्वतः खरवडताना नखाने हळूच, ब्लेड लावू नये. थराबरोबर अक्षरही निघते.

घेण्यापूर्वी दुकानातच सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्टिव्हेशनचे पान उघडायला लावा. डिजिटल परवान्याने चालू आहे असे दिसले तर ठीक. तुमच्या संस्थेच्या अ‍ॅक्टिव्हेशन सेवेने चालू आहे असे असेल, तर विचारा, आमची कसली आली संस्था? तो प्रकार कंपन्यांसाठी आहे आणि दर १८० दिवसांच्या आत त्याला संस्थेच्या सर्व्हरकडून मुदतवाढ लागते. त्या भगिनीला सहा महिन्यांनी पाटी दिसली ती याचमुळे. चोरवाटेने हे करणारे बहुतेक वेळा आधी विषाणूरोधक बंद करतात. दार उघडे ठेवून गेलेल्या माणसामागून आत कोण येईल, याचा भरवसा नाही. आणि विंडोजच्या स्टिकरने वर्ड-एक्सेल मिळत नाही, त्याचा परवाना निराळा असतो.

कायदाही ठाऊक असू द्या. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३-ब. सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. वापर कमाईसाठी किंवा धंद्यासाठी नसेल, तर न्यायालयाला कैद टाळून पन्नास हजारांपर्यंत दंड करता येतो. घरातल्या पोरासाठी कुणी धाड घालीत नाही हे खरे. पण झेरॉक्स-टायपिंगचे दुकान टाकलेल्या तरुणाचे तसे नाही.

तरी नुसता स्टिकर म्हणजे परवाना नव्हे. कोरा स्टॅम्प पेपर म्हणजे खरेदीखत नव्हे, तसेच. सुटे स्टिकर विकणारे भेटतात. मायक्रोसॉफ्ट तशी विक्री मान्य करीत नाही, पैसे घालवू नका. परवाना त्या यंत्राचा, आणि यंत्र म्हणजे कंपनीच्या हिशेबी मदरबोर्ड. स्टिकर, यंत्र आणि बिल तिन्ही एकत्र हवे. बिलावर सीपीयूचा अनुक्रमांक आणि विंडोजची आवृत्ती लिहून घ्या.

आता काढण्याबद्दल. हा स्टिकर अखंड निघत नाही, तो निघू नये असाच बनवलेला असतो. हेअर ड्रायरची ऊब द्या, गोंदाखालून दोरा फिरवा, तरी कागदाचे पदर सुटतात आणि फाटलेला दाखला कोणी धरीत नाही. डबा मोडला आणि आतले सामान नव्या डब्यात घालायचे असेल, तर ज्या पत्र्यावर स्टिकर आहे तो पत्रा स्क्रू काढून जपून ठेवा. माळ्यावर एक पत्रा मावतो. लॅपटॉपवरची अक्षरे घासून जातात, म्हणून आजच लिहून काढा. त्यावर पारदर्शक पट्टी लावली तर ती पुन्हा काढू नका, शाई तिच्याबरोबर येते. अक्षरे पुसट झाली असतील तर तिरक्या उजेडात मोबाईलने फोटो घेऊन मोठा करून पाहा. एक्सपी ते सेव्हनच्या किल्लीत ए, ई, आय, ओ, यू हे स्वर नसतात. एल, एन, एस, झेड ही अक्षरे आणि शून्य, एक, पाच हे आकडेही नसतात. ओ वाटला तर तो क्यू किंवा डी असणार. बी आणि आठ, जी आणि सहा हे नीट पाहावे.

बाकीचे स्टिकर खुशाल काढा. खोबरेल तेलाचे बोट लावून तासभर ठेवले की चिकटा सुटतो. प्लॅस्टिकवर थिनर नको, डाग पडतो. अनुक्रमांकाचा स्टिकर मात्र राहू द्यावा.

अभ्यासिकेला कुणी आठ-दहा संगणक देणगी देतो, तेव्हा कार्यकर्त्यांनी सरकारी कचेरीतल्यासारखी जडसंग्रह नोंदवही घालावी. संगणकाचा क्रमांक, अनुक्रमांक, कुणी कधी दिला, स्टिकर आहे की नाही, कोणती आवृत्ती, एवढे रकाने पुरेत. किल्ल्या वेगळ्या पानावर लिहून कपाटात कुलपाखाली ठेवाव्यात. देणाऱ्या कचेरीकडून निर्लेखनाच्या पत्राची प्रत घ्यावी. कचेरीचा घाऊक परवाना यंत्राबरोबर आपल्याकडे येत नाही. येतो तो यंत्राबरोबर मूळ आलेला, स्टिकरवरचा किंवा चिपमधला. ज्यांना तोही नाही, त्यांच्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकावे. ते फुकट आहे, कायदेशीर आहे, त्यात मराठी टंकन होते आणि त्याला किल्ली लागत नाही. विंडोजवरच परीक्षा द्यायची त्यांच्यासाठी परवान्याची दोन-तीन यंत्रे राखून ठेवावीत.

आणि एखादे यंत्र पुढे कुणाला दिले, तर स्टिकर त्याच्याच अंगावर राहू द्या, नोंदवहीत जावक लिहा आणि हार्ड डिस्क मात्र आधी पुसून काढा. तिच्यात पोरांचे आधार, जातीचे दाखले आणि बँकेची पासबुके असतात.