रात्री लेन्स, दिवसा चष्म्याला सुट्टी; पण कोणासाठी?

'शस्त्रक्रियेविना, झोपेत नंबर घालवा' अशा जाहिराती हल्ली नजरेस पडतात. चष्म्याचा कंटाळा आणि लेझरची धास्ती, या कात्रीत सापडलेल्यांना त्या भुरळ घालतात. ही जादू नव्हे आणि फसवणूकही नव्हे. मात्र 'नंबर घालवा' हे शब्द दिशाभूल करणारे आहेत.

या पद्धतीला ऑर्थोकेराटॉलॉजी किंवा थोडक्यात 'ऑर्थो-के' म्हणतात. उणे नंबर असलेल्या डोळ्यात प्रकाशकिरण पडद्याच्या अलीकडेच एकत्र येतात. विशिष्ट वक्रतेची, प्राणवायू आरपार जाऊ देणारी कडक लेन्स रात्रभर घातली की तिच्याखालच्या अश्रूंच्या थराचा दाब कॉर्नियावर पडतो. बुबुळावरच्या या पारदर्शक काचेचा मधला भाग त्यामुळे किंचित चपटा होतो आणि सकाळी लेन्स काढल्यावर स्पष्ट दिसते. कॉर्निया मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्यातही बदल होतो तो मुख्यतः वरच्या पातळ थरात.

लेझरशी तुलना केली की फरक कळतो. लेझर कॉर्नियाचा काही भाग कायमचा काढून टाकतो. ऑर्थो-के फक्त आकार बदलते. लेन्स घालणे थांबवले की काही दिवसांत ते काही आठवड्यांत नंबर परत येतो. म्हणजे इथे नंबर जात नाही, रोज रात्री नव्याने लपवला जातो. पण चूक परतवता येणे हा याच गोष्टीचा फायदाही आहे. मर्यादाही आहेत. अमेरिकेच्या 'एफडीए'ने 2002 मध्ये या लेन्सला रात्री वापरण्यासाठी मान्यता दिली, ती उणे 6 पर्यंतच्या नंबरसाठी. चाळिशीचा चष्मा यातून सुटत नाही.

खरा प्रश्न मुलांचा आहे. लेझर साधारणपणे अठराव्या वर्षानंतर, नंबर स्थिरावल्यावरच करतात. ऑर्थो-के त्याआधीही वापरता येते. हाँगकाँगमध्ये 6 ते 10 वर्षांच्या मुलांवर झालेल्या, 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन वर्षांत डोळ्याची लांबी वाढण्याचा वेग चष्मा वापरणाऱ्यांपेक्षा 43 टक्क्यांनी कमी आढळला. हे महत्त्वाचे आहे, कारण लांबट डोळ्याला पुढे पडदा सरकण्याचा आणि काचबिंदूचा धोका अधिक असतो. लेझरने चष्मा सुटला तरी डोळ्याची लांबी तेवढीच राहते. 2015 च्या एका अभ्यासात दिल्लीतल्या शाळकरी मुलांपैकी 13.1 टक्क्यांना उणे नंबर आढळला होता. तेव्हा या पर्यायाकडे पालकांचे लक्ष जाणारच.

मात्र इथेच सावध राहायला हवे. मिटलेल्या डोळ्यात लेन्स राहिली की जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या पाहणीनुसार, दहा हजार जणांनी वर्षभर या लेन्स वापरल्या तर सुमारे आठ जणांना कॉर्नियाचा जंतुसंसर्ग होऊ शकतो. मुलांमध्ये हे प्रमाण चौदाच्या आसपास होते. आकडा लहान आहे, पण संसर्ग चिघळला तर बुबुळावर कायमचा डाग राहतो. नळाच्या पाण्यात राहणारा अकँथअमीबा हा यातला सर्वांत चिवट शत्रू. टाकीत साठवलेले पाणी सर्रास वापरणाऱ्या आपल्या घरांनी हे ध्यानात ठेवावे: लेन्स किंवा तिची डबी पाण्याने कधीही धुऊ नये, फक्त ठरवून दिलेले द्रावण वापरावे आणि हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत. डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा उजेड सहन होईना, तर लेन्स त्याच क्षणी बंद करून डॉक्टर गाठावा.

म्हणून निवड करताना जाहिरात बाजूला ठेवून स्वतःला विचारावे: कॉर्नियाचा नकाशा काढून तपासणी झाली आहे का? ठरलेल्या फेरतपासण्यांना जाणे आणि ठराविक काळाने लेन्स बदलण्याचा खर्च झेपेल का? आणि मूल असेल, तर रोज रात्री झोप अनावर झालेली असतानाही स्वच्छतेकडे लक्ष द्यायला घरात कोणी मोठे माणूस आहे का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर त्या मुलासाठी आज चष्माच बरा. उन्हात, मोकळ्या हवेत रोज खेळणे मात्र सर्वच मुलांच्या डोळ्यांना हितकारक आहे, आणि त्यासाठी कुठलीही लेन्स लागत नाही.