घरातला हंडा आणि डीटीडी

आजचा विषय थोडा तांत्रिक आहे, पण नातेवाईकांनीही शेवटपर्यंत वाचायला हरकत नाही. माझं म्हणणं एवढंच: जी फाइल कधी बदलत नाही, ती प्रोग्रामने दरवेळी इंटरनेटवरून मागवणं चूक आहे.

आपल्या जुन्या ब्लॉगांची पानं उघडून बघा. अगदी वरच्या ओळीत एक्सएचटीएमएलचं नाव आणि डब्ल्यूथ्रीसीच्या साइटवरचा एक पत्ता असतो. तो पत्ता डीटीडीचा, म्हणजे त्या पानाच्या व्याकरणाचा. ब्राउझर तिकडे ढुंकूनही बघत नाही. पण तेच पान जावातल्या एक्सएमएल पार्सरला दिलं, की तो निमूटपणे त्या पत्त्यावर जाऊन फाइल आणतो. शंभर पानं असली तर शंभर वेळा!

डोळखांबला हे लगेच कळतं. पावसात लाइट गेली की थोड्या वेळात मोबाइलची रेंजही जाते. लॅपटॉपची बॅटरी भरलेली, पानं सगळी डिस्कवर, आणि तरी प्रोग्राम अडून बसतो. शहरातल्या वेगवान जोडणीवर हा दोष वर्षानुवर्षं झाकलेला राहतो.

आणि प्रश्न फक्त आपल्या खोळंब्याचा नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये डब्ल्यूथ्रीसीनेच जाहीर केलं होतं, की अशा फाइलींसाठी त्यांच्याकडे दिवसाला १३ कोटींपर्यंत मागण्या येतात. पुढे त्यांनी मुद्दाम उशिरा उत्तर द्यायला सुरुवात केली. २००७ च्या सुरुवातीला नेटस्केपच्या साइटवरून आरएसएस ०.९१ ची डीटीडी गायब झाली, तेव्हा तिच्यावर विसंबलेले फीड वाचणारे प्रोग्राम बंद पडले. भातसा आणि तानसा आमच्याच शहापूर तालुक्यात, तरी उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर येतो. पेलाभर पाण्यासाठी दरवेळी विहिरीवर कुणी जात नाही. सकाळीच हंडा भरून ठेवतात. सार्वजनिक विहीर फुकट आहे म्हणून ती उपसत राहायची नसते.

काहीजण म्हणतात, डीटीडी वाचूच नका, बंद करून टाका. हे मला पटत नाही. &nbsp; किंवा &hellip; अशा खुणांचा अर्थ त्या डीटीडीतच दिलेला असतो. ती वगळली तर पार्सर कधी चूक दाखवून थांबतो, तर कधी ते अक्षर गुपचूप गळून जातं. आपल्या लिखाणातली लाडकी तीन टिंबं अशी हरवलेली कुणाला आवडतील?

खरा उपाय सोपा आहे. डीटीडी आणि तिच्यासोबतच्या लॅटिन, चिन्हं व विशेष अक्षरं यांच्या तीन फाइली एकदाच उतरवून प्रोग्रामसोबत ठेवायच्या. जावात एन्टिटी रिझॉल्व्हर लिहायचा: पार्सर नाव आणि पत्ता सांगतो, आपण आपल्या डिस्कवरची फाइल त्याच्या हातात देतो. मात्र यादीत नसलेलं काही मागितलं तर नल परत करू नका, कारण नल म्हणजे 'तूच जाऊन आण'. सरळ चूक फेका. त्याने सुरक्षाही साधते, नाहीतर परक्याने पाठवलेला दस्तऐवज आपल्याच यंत्रावरची खाजगी फाइल उघडायला लावू शकतो. असे बरेच पत्ते असतील तर ओएसिसची एक्सएमएल कॅटलॉगची पद्धत २००५ पासून प्रमाण आहे, आणि २०१७ च्या जावा ९ पासून ती जावातच मिळते.

"पण ठेवलेली प्रत शिळी होईल ना?" नाही होणार. एक्सएचटीएमएल १.० आलं २००० साली, दुरुस्त आवृत्ती २००२ ची. नवीन व्याकरण आलं तर ते नवीन नावाने येतं, जुन्या नावामागची फाइल बदलत नाही. नाव आणि पत्ता असे दोन वेगळे रकाने दिलेत ते याचसाठी: नावाने ओळखा, पत्ता आपल्या सोयीने ठरवा.

एचटीएमएल ५ ने डीटीडीला रजा दिली हे खरं. पण जुनी पानं कुठे गेली नाहीत, आणि आपल्यापैकी अनेकांचं लिखाण त्याच पानांत आहे. ते जपायला निघालेला प्रोग्राम वायफाय बंद करून एकदा चालवून बघा. चालला तर तो तुमचा. नाही चालला, तर तो अजून दुसऱ्याच्या विहिरीवर अवलंबून आहे.