ट्रॅकवरचा पहिला दिवस आणि ब्रेक ऑइल

आपल्या मंडळातील निदान चार सभासदांकडे आज स्पोर्ट्स म्हणाव्यात अशा गाड्या आहेत आणि त्यांतील दोघे रविवारी पहाटे हैदराबादच्या आउटर रिंग रोडवर त्यांचा वेग ‘पाहून’ येतात, हे मला ठाऊक आहे. नावे सांगत नाही. दोघेही माझे स्नेही आहेत आणि एकाच्या नातवाचे लसीकरण माझ्याकडेच चालू आहे. वेगाची हौस असू नये असे मी म्हणणार नाही, कारण ती मलाही आहे. ती बंदिस्त ट्रॅकवर भागवावी, इतकेच माझे म्हणणे. मात्र तेथे जाण्यापूर्वी गाडीवर पैसा कोठे खर्च करावा, याविषयी आपल्याकडे रूढ असलेली समजूत मला साफ उलटी वाटते.

माझा पुतण्या पुढील महिन्यात प्रथमच ट्रॅकवर जाणार आहे. “काका, आधी इंजिन रीमॅप करून घेतो, तीसेक अश्वशक्ती तरी वाढेल,” असे तो म्हणाला. जुलाबांनी सुकलेल्या बाळाची आई टॉनिकची चिठ्ठी मागते, तेव्हा माझ्या चेहऱ्यावर जे भाव उमटतात तेच बहुधा त्या वेळी उमटले असावेत.

यामागे माझा स्वतःचा अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी मी माझी दोन दारांची छोटी गाडी घेऊन चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर गेलो होतो. ट्रॅकची लांबी सुमारे ३.७ किलोमीटर. निघण्यापूर्वी गाडी नेहमीच्या वर्कशॉपमध्ये दाखवली होती. तेथे ब्रेक ऑइलच्या डबीकडे नजर टाकून “लेव्हल बरोबर आहे, डॉक्टरसाहेब” असे सांगण्यात आले. लेव्हल बरोबरच होती. ऑइल किती जुने आहे, हे मात्र त्यांनी पाहिले नाही आणि मीही विचारले नाही. पाचव्या फेरीत सरळ पट्ट्याच्या शेवटी पाय दाबला आणि पेडल कापसात रुतल्यासारखे खाली गेले. दोनतीनदा भराभर पंप केल्यावर थोडाफार ब्रेक लागला. तरी गाडी वळण सोडून मातीत गेली आणि तेथे थांबली. गाडीला ओरखडाही आला नाही. माझे हात मात्र बराच वेळ थरथरत होते.

असे का घडले, हे समजायला सोपे आहे. चालकासह तेराशे किलोंची गाडी ताशी १५० किलोमीटरवरून ६० वर आणताना जी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता बनून उतरते, तिच्यावर नळाचे अडीच लिटरांहून अधिक पाणी उकळीला येईल. शहरात असा प्रसंग क्वचितच येतो. ट्रॅकवर तो एकेका फेरीत अनेकदा येतो आणि मध्ये निवायला अवधी नसतो. त्यात ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की प्रमाणाप्रमाणे तो १५५ पर्यंत खाली आलेला चालतो. ऑइल उकळले की वाफेचे बुडबुडे होतात, ते दाबले जातात आणि पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतच नाही.

म्हणून पहिल्या दिवसासाठी ऑइल नवे, सीलबंद डब्यातले, संपूर्ण बदलून आणि हवा काढून घातलेले असावे. ब्रेक पॅड निम्म्याहून अधिक शिल्लक असावेत. जमल्यास अधिक उष्णता सोसणारे बसवावेत. टायरांची हवा सकाळी थंड असताना मोजावी आणि प्रत्येक सत्रानंतर पुन्हा मोजावी, कारण ती तापून वाढते. चाकांचे नट टॉर्क रेंचने तपासावेत. इंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत असावे. सीटखालची पाण्याची बाटली, डिकीतले सामान आणि स्टेथोस्कोपसुद्धा घरी ठेवावा. या सर्वांचा खर्च रीमॅपच्या मानाने किरकोळ आहे. उरलेल्या पैशांत चांगले हेल्मेट आणि शेजारी बसून शिकवणारा प्रशिक्षक मिळाल्यास पाहावे.

आपले बंधू हमखास विसरतात ती गोष्ट विम्याची. नेहमीच्या मोटार पॉलिसीत स्पर्धा आणि वेगचाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो. ट्रॅकवर जाण्यापूर्वी ते कलम वाचावे आणि झालेले नुकसान आपल्याच खिशातून जाईल असे धरून चालावे.

सत्राची शेवटची फेरी ब्रेक न वापरता सावकाश काढावी आणि गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नये. चकत्या तापलेल्या असतात. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकडाचा ठोकळा लावावा. पुतण्याने यावर विचारले, “आणि काका, संध्याकाळी?” संध्याकाळी त्याच गाडीने, त्याच पॅडवर, सहाशेहून अधिक किलोमीटर घरी यायचे आहे. पॅड किती उरले हे तेथेच चाकाच्या फटीतून पाहावे, आणि रात्र चेन्नईतच काढावी. रीमॅपचे पैसे त्याने तूर्त बँकेत ठेवले आहेत. ऑइलचा डबा परवाच आणून दिला.