विलायत दाराशी

आमच्या यवतला गूळ घेणारा माणूस ढेपेवरचे नाव वाचत नाही. नखाने टवका काढतो, जिभेवर ठेवतो आणि मगच भाव विचारतो. विद्येच्या बाजारात मात्र आपण नेमके उलटे वागतो. तिथे आधी नाव, मग भाव, आणि चव कळायची ती पदवी हाती पडल्यावर!

हे सुचायला निमित्त झाले शेजारच्या आबांचे. त्यांची नात यंदा बारावीला आहे. परवा ते म्हणाले, "मास्तर, परदेशातली विद्यापीठे आता नवी मुंबईत येणार म्हणे. पोरीला साता समुद्रापलीकडे धाडायला नको. रस्त्याकडेचे एकरभर वावर काढून टाकावे म्हणतो."

"आबा, वावर राहू द्या. आधी कायदा पाहू," मी म्हटले.

आता कायदा म्हणावा, तर तो संसदेने कधी केलाच नाही. २०१० साली लोकसभेत विधेयक आले, ते २०१४ मध्ये त्या लोकसभेबरोबरच निकालात निघाले. २०२० च्या शैक्षणिक धोरणात जगातल्या पहिल्या शंभर विद्यापीठांची भाषा होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रत्यक्ष नियम केले, तेव्हा शंभराचे पाचशे झाले होते!

पुढे जून २०२५ मध्ये मुंबईत ॲबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया ही विद्यापीठे आणि अमेरिका व इटली येथील एकेक संस्था यांना इरादापत्रे देण्यात आली. पण वाचकहो, इरादापत्र म्हणजे साखरपुडा, लग्न नव्हे. वर्ग सुरू करण्याची आयोगाची अधिसूचना निराळी असते. पैसे भरण्यापूर्वी ती पाहायला मागावी. त्यात संकोच कसला?

नियमांत चांगले पुष्कळ आहे. इथली पदवी मूळ विद्यापीठाच्याच नावाची. तिला समकक्षतेचा वेगळा दाखला लागत नाही. शिक्षकांची पात्रता तिकडच्या तोडीची हवी. नावाची पाटी भाड्याने देऊन दुकान थाटता येणार नाही. शुल्क, जागा आणि पैसे परत देण्याच्या अटी प्रवेशाच्या किमान ६० दिवस आधी जाहीर कराव्या लागतात. आयोगाच्या परवानगीवाचून संकुल बंद करता येत नाही. कधी बंद पडलेच, तर मुलांची पर्यायी सोय मूळ विद्यापीठाच्या गळ्यात.

खरी मेख पुढेच आहे. शुल्क किती, हे संस्थेने ठरवायचे. ते फक्त 'वाजवी' असावे. वाजवी कोणाच्या हिशेबाने? लंडनच्या की दौंड तालुक्याच्या? प्रवेशाची रीतही संस्थेचीच, त्यामुळे राखीव जागांचे बंधन नाही. शिष्यवृत्तीबद्दल नियम एवढेच सांगतो, की ती 'देता येईल'.

हे सारे ऐकून आबांनी विचारले, "म्हणजे दार उघडे, पण उंबरठा उंचच?" माझ्यापाशी याहून चांगले शब्द नव्हते.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ उभे राहिले ते लंडनच्या धर्तीवर. तेव्हा साहेबाचा नमुना आला, आता खुद्द संस्थाच येत आहेत. येऊ देत. स्पर्धेने आपली विद्यापीठेही अंग झाडून उठतील. मात्र 'देता येईल'च्या जागी 'द्यावी लागेल' असे लिहायला आयोगाला फारशी शाई लागणार नाही. तोवर यवतच्या मुलीला लंडन जेवढे लांब, तेवढीच नवी मुंबईही लांब.