करापुरते नोकर

ब्रिटनमध्ये स्वतःच्या कंपनीमार्फत काम करणारा व्यावसायिक स्वतंत्र की प्रच्छन्न नोकर, हे ‘आयआर ३५’ करनियमांखाली पूर्वी त्याचीच कंपनी ठरवत असे. हा अधिकार २०१७ मध्ये सरकारी क्षेत्रात आणि एप्रिल २०२१ पासून मध्यम व मोठ्या खासगी उद्योगांत काम देणाऱ्याकडे गेला. निर्णय चुकल्यास करबोजा अंगावर येईल, या धास्तीने अनेक बँकांनी अशी कंत्राटेच थांबवली. पगारपत्रकावर या, अन्यथा काम नाही, एवढाच पर्याय उरला. करचुकवेगिरी रोखणे रास्तच. मात्र करासाठी नोकर ठरलेल्याला भरपगारी रजेचा वा निवृत्तिवेतनाचा हक्क आपोआप मिळत नाही, ही खरी विसंगती आहे. कर नोकराचा घ्यायचा, तर हक्कही नोकराचेच द्यायला हवेत.