धावपट्टीखालची माती

मुंबईच्या हवाई वाहतुकीचा इतिहास जुहूपासून सुरू होतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तेथे उतरले. पुढे ही वाहतूक सांताक्रूझला आली, तेथे बहरली आणि तेथेच अडखळलीही. छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या दोन धावपट्ट्या परस्परांना छेदतात, त्यामुळे त्या एकाच वेळी वापरता येत नाहीत. २०१४ मध्ये भव्य टर्मिनल उभे राहिले. परंतु भोवतालच्या दाट वस्तीत समांतर धावपट्टीला जागा कोठून आणणार? टर्मिनल मोठे झाले, आकाशातील रांग मात्र हटली नाही.

याचे उत्तर खाडीपलीकडे होते. नवी मुंबई विमानतळाला केंद्राने २००७ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली. पायाभरणी २०१८ मध्ये आणि उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले; २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमाने उडू लागली. एका निर्णयाला फळ येण्यास अठरा वर्षे लागावीत, हे राज्यकर्त्यांना भूषणावह नाही. तरीही पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवाशांची क्षमता आणि आराखड्यातील दोन समांतर धावपट्ट्या, ही मुंबईची खरी गरज होती.

मात्र ही भूमी रिकामी नव्हती. उलव्याची टेकडी सपाट झाली, नदीचा प्रवाह वळला आणि दहा गावांतील आगरी-कोळी कुटुंबांनी वाडवडिलांचे उंबरठे सोडले. या परिसराने याआधीही मोल मोजले आहे. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील शेतकरी आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. भूमिपुत्राला विकसित भूखंडात वाटा मिळण्याचे तत्त्व त्या रक्तातून रुजले.

या विमानतळाला दि. बां.चे नाव देण्याचा ठराव राज्य विधिमंडळाने २०२२ मध्ये केला. तो योग्यच, पण नाव म्हणजे ऋणफेड नव्हे. गावे देणाऱ्यांची मुले या विमानतळावर केवळ सामान वाहणारी आणि झाडू मारणारी राहिली, तर नावाची पाटी त्यांना टोचत राहील. विमान देखभाल, मालवाहतूक, सुरक्षा आणि व्यवस्थापन या क्षेत्रांचे शिक्षण त्यांच्या दारी पोहोचले पाहिजे. विकास हवाच, मात्र ज्यांच्या मातीवरून विमान झेपावते, त्यांनी केवळ मान वर करून पाहत राहावे, हा न्याय नव्हे.