केस नाजूक नव्हते, ताई

ताई,

तुमचं नाव घालत नाही. पत्र कुणाला आहे ते तुम्हाला वाचताक्षणी कळेल. धाकट्या बहिणीच्या लग्नात करवली म्हणून मिरवले ती पुढचे तुटके केस गजऱ्याखाली दडपून. त्याचं दुःख एकवेळ गिळलं असतं. पण नवरीकडच्या सगळ्या बायकांसमोर तुम्ही म्हणालात, "हिचे केसच मुळात नाजूक." ते मात्र गिळवत नाही.

नाजूक कुणी केले? दिवाळीआधी स्मूदनिंग तुमच्याच पार्लरच्या खुर्चीत झालं. त्यातल्या क्रीमने केसातले गंधकाचे बंध तोडले, इस्त्रीने केस सरळ केले, न्यूट्रलायझरने बंध पुन्हा जोडले. पण तुटलेले सगळेच बंध काही परत जुळत नाहीत. केस दिसतात सुळसुळीत, ताकद मात्र कमी झालेली असते. शिवाय केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतात. वैशाख येईतो मुळाशी माझे जन्मजात कुरळे केस बोटभर वर आले होते. कुरळं संपून सरळ सुरू होतं तो सांधा सगळ्यात कच्चा, आणि माझे केस नेमके तिथेच तुटले.

लग्नासाठी बटा हव्यात म्हणाले, त्यात गैर काय होतं? सरळ केलेल्या केसांनाही रोलर चालतात. गरम टाँगपेक्षा ते कितीतरी बरे, कारण तिथे खरं काम पाणी करतं. भिजल्यावर केसातले हायड्रोजनचे बंध सुटतात आणि वाळताना केस ज्या वळणात असेल त्यात पुन्हा बसतात. त्याला चटक्याची गरजच नसते, वेळ तेवढा द्यावा लागतो.

तोच तुमच्याकडे नव्हता. पाणी निथळत असलेले केस तुम्ही कचकचून ताणून गुंडाळलेत. ओल्या केसांत कंगवासुद्धा घालू नये असं आई अजून बजावते. भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या तुमच्या डिप्लोमात हे नव्हतं का? ओला केस आधीच ताणला जातो, वाळताना आकसायला त्याला जागा हवी. दुखतंय म्हणाले तर "सुंदर दिसायचं तर थोडं सोसावं लागतं" म्हणून हसलात. त्यात रोलर वेल्क्रोचे, आकड्यांत केस धरून ठेवणारे. ड्रायर शेवटच्या आकड्यावर. आणि काढताना उलगडायचं सोडून सरळ ओढलेत. तुटल्याचा आवाज मला आला, ताई. तुम्हालाही आला असणार.

टॉवेलने टिपून केस दमट ठेवले असते, गुळगुळीत प्लास्टिकचे मोठे रोलर घेऊन टोकांना पातळ कागद लावला असता, मुळाशी ओढ न देता गुंडाळलं असतं, तर माझे केस आज डोक्यावर असते. ड्रायर मध्यम, केस पूर्ण वाळून गार झाले की हलक्या हाताने उलगडायचं. अर्धा-पाऊण तास जास्त गेला असता. त्याचे पैसेही मी दिले असते.

आता पैसे परत नकोत. फुकट स्पा तर मुळीच नको. एक वही ठेवा. कुणाचं स्मूदनिंग, कुणाचं रिबॉन्डिंग कधी झालं ते तारखेसकट लिहा, आणि रोलर हातात घेण्याआधी ते पान उघडा. मुळाशी नवे केस दिसले आणि हाताशी वेळ नसेल, तर "आज नको" म्हणायची हिंमत दाखवा. आणि ज्या बायकांसमोर मला नाजूक ठरवलंत, त्यांच्यासमोरच एकदा खरं काय झालं ते सांगा.

तुमचं जुनं गिऱ्हाईक